ढाक्याची शिलाई सोलापुरात आणायची तर

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकतच नाही. तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत चीनच्या पाठोपाठ त्याचा नंबर लागतो. २०२३ मध्ये ही निर्यात ३८ अब्ज डॉलरच्या आसपास होती, आपली १५ अब्जांच्या आसपास. क्षेत्रफळाने तो देश आपल्या विसाव्या हिश्शाएवढाही नाही. आपल्या सुताचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तोच. म्हणजे कापूस आपला, सूत आपलं आणि शिलाईची कमाई त्यांची. विदर्भात कापूस, इचलकरंजी-मालेगावात माग आणि सोलापुरात गणवेशाची शिलाई असलेल्या महाराष्ट्राला हे जास्तच लागायला हवं.

"तिकडे मजुरी स्वस्त" हे उत्तर लगेच मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या कपडे उद्योगातलं किमान वेतन महिना १२,५०० टका आहे, त्या वेळच्या दराने साधारण साडेनऊ हजार रुपये. आपल्या काही राज्यांतलं अकुशल कामगाराचं किमान वेतन याच्या फार वर नाही. दुसरं उत्तर जकातीचं. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाचा माल युरोपात शून्य जकातीने जातो, आपल्या कपड्यांवर मात्र ९ ते १२ टक्के लागत आले. हा फरक मोठा आहे, पण तो कारखान्यात बसून शिकता येत नाही, त्याला वाटाघाटीच लागतात. संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेशाची अल्पविकसित देशांच्या यादीतून वर जाण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ठरवली आणि त्यापुढेही युरोपने तीन वर्षांची सवलत ठेवली. ती संपायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. शिकण्यासारखं बाकीचं बरंच आहे, आणि ते क्रमाने घ्यावं लागतं.

पहिली पायरी: माणसं शिकायला पाठवा

१९७८ मध्ये नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्यांच्या देश गारमेंट्सने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. पुढच्या वर्षी सुमारे १३० माणसं सहा महिने पुसानच्या कारखान्यात शिकायला गेली. परत येऊन चट्टग्रामच्या कालुरघाटात त्यांनी काम सुरू केलं आणि १९८० साली ४३,००० शर्ट विकले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाचं नुकसान झालं, पण देशाचा धंदा उभा राहिला.

पुसानला गेलेल्यांत फक्त कारागीर नव्हते, सुपरवायझर आणि व्यवस्थापकही होते. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे मशिनवर बसणाऱ्या मुलींना ३० दिवसांचा वर्ग आणि शेवटी प्रमाणपत्र. त्याने लाइन, म्हणजे एकामागून एक काम पुढे सरकवणारी मशिनांची रांग, चालत नाही. पाठवायचं तर पाच जणांचा संच पाठवा: कटिंग मास्तर, लाइन सुपरवायझर, वेळमोजणी करणारा इंडस्ट्रियल इंजिनिअर, क्वालिटी बघणारा आणि निर्यातीचे कागद सांभाळणारा. तिरुपूर किंवा बंगळूरच्या चालत्या कारखान्यात किमान तीन महिने. शिकून माणूस सोडून जाईल या धाकाने कुणी पाठवत नसेल, तर खर्च एकट्या मालकावर टाकू नका. औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने वर्गणी काढून पाठवा. म्हणजे तो गेला तरी गावातच राहील.

दुसरी पायरी: कागद आधी, मशीन नंतर

देवूकडून बांगलादेशाने शिलाईपेक्षा मोलाच्या दोन गोष्टी उचलल्या: बॅक-टू-बॅक एलसी (एलसी म्हणजे माल पोचवल्यावर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी; इथे एका हमीच्या जोरावर दुसरी) आणि बॉन्डेड वेअरहाऊस (जकात न भरता आयात माल ठेवायचं गोदाम, थोडक्यात बॉन्ड). तिथला शिवणारा पदरच्या पैशाने कापड घेत नाही. सगळा खेळ इथे आहे.

समजा युरोपातल्या खरेदीदाराने १ लाख डॉलरची ऑर्डर दिली. त्याची बँक कारखानदाराच्या नावे मूळ एलसी उघडते. कारखानदाराची बँक ती ताब्यात ठेवते आणि तिच्याच जोरावर कापडवाल्याच्या नावे दुसरी एलसी उघडते, उदाहरणार्थ ७० हजार डॉलरची, १२० दिवसांच्या मुदतीची. कापड येतं आणि बॉन्डमध्ये उतरतं, त्यामुळे जकात भरावी लागत नाही. कापड किती लागेल याचा दाखला, ज्याला तिथे युटिलायझेशन डिक्लरेशन म्हणतात, तो कस्टमचा साहेब देत नाही. कारखानदारांची संघटनाच देते. ७५व्या दिवशी माल जहाजावर चढला, शंभराव्या दिवशी पैसे आले, बँकेने ७० हजार कापून कापडवाल्यासाठी ठेवले. उरलेल्या ३० हजारांत मजुरी, वीज, भाडं आणि नफा. भांडवल कमी असलेला माणूसही या धंद्यात शिरू शकला तो यामुळे.

आपल्याकडे हे कागद नाहीत असं नाही. निर्यातीच्या एलसीवर देशातल्या पुरवठादारासाठी दुसरी एलसी उघडायला नियमात जागा आहे. अडतं ते शाखेत, कारण बँक तिथे घरदार तारण मागते. बँकेत जाताना मूळ एलसीची प्रत, ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं विमा संरक्षण, मागच्या ऑर्डरींचे वसुलीचे दाखले आणि या ऑर्डरीचं दिवसवार वेळापत्रक अशी फाइल घेऊन जा. जिल्ह्याच्या शाखेपेक्षा परकीय चलनाचं काम करणारी शाखा गाठा. तिथल्या अधिकाऱ्याला हा व्यवहार रोजचा असतो.

बॉन्डसाठी आपल्याकडे कस्टम्स कायद्याच्या कलम ६५ खालची, २०१९ च्या नियमांची सोय आहे. कलम ५८ चा खासगी गोदामाचा परवाना आणि कलम ६५ ची उत्पादनाची परवानगी एकाच अर्जात मिळते. अर्ज आपल्या हद्दीच्या कस्टम्स आयुक्तांकडे. जकातीच्या तिप्पट रकमेचं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. माल देशातल्या बाजारासाठी बाहेर काढेपर्यंत जकात लांबणीवर पडते, तिच्यावर व्याज चढत नाही आणि निर्यात झालेल्या मालातल्या आयात वस्तूंवर ती भरावीच लागत नाही. छोट्यांना अॅडव्हान्स ऑथरायझेशन, म्हणजे निर्यातीच्या मालात लागणाऱ्या वस्तू जकातीशिवाय आणायचा परवाना, सोपं पडतं. तिथे किमान १५ टक्के मूल्यवर्धन आणि १८ महिन्यांत निर्यात अशी अट असते. दोन्हींचा निर्यात सवलतींवर परिणाम वेगवेगळा होतो. सही करण्याआधी कस्टम ब्रोकरकडून दोन्ही गणितं कागदावर मांडून घ्या.

साधा सुती टी-शर्ट शिवणाऱ्याला बॉन्डचा उपयोग कमी, कापड इथलंच असतं. पण पॉलिस्टरचं जॅकेट, स्पोर्ट्‌सवेअर, आतलं अस्तर, खरेदीदाराने नाव घेऊन सांगितलेली चेन किंवा बटणं असतील तर बॉन्डशिवाय किमतीत टिकाव लागत नाही. जगाची मागणी कृत्रिम धाग्याकडे सरकते आहे आणि आपण अजून कापसाच्या अभिमानात आहोत. हे आपलं दुखणं मोठं आहे.

या व्यवस्थेत बिघडतं कुठे, तेही तिकडेच दिसतं. बॉन्डमधलं कापड चोरवाटेने ढाक्याच्या इस्लामपूर बाजारात विकलं जातं आणि तिथल्या प्रामाणिक गिरण्या मार खातात. दुसरं, माल उशिरा गेला तर खरेदीदार पैसे अडवतो किंवा विमानाने पाठवायला लावतो. कापडवाल्याची एलसी मात्र ठरल्या दिवशी फेडावीच लागते. तेव्हा बँक ती रक्कम भरते आणि कारखानदाराच्या नावे सक्तीचं कर्ज टाकते. एक ऑर्डर अशी गेली की मागच्या पाच ऑर्डरींचा नफा जातो. म्हणून एलसीच्या मुदतीत किमान १५ दिवसांचा ढिलावा मागून घ्या, आणि तो मिळत नसेल तर ऑर्डर सोडा.

तिसरी पायरी: एकच वस्तू, मोठा आकडा

आपला कारखाना लहान का राहिला याचं उत्तर बरंचसं कायद्यात आहे. तयार कपडे २००० पर्यंत लघुउद्योगासाठी राखीव होते, होजिअरी त्यानंतरही काही वर्षं. शंभर कामगार झाले की कारखाना बंद करायला किंवा माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागे. मग मालक ९० माणसांचे तीन कारखाने काढी. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ती मर्यादा ३०० वर गेली. पण सवय अजून जुनीच आहे: आज गणवेश, उद्या नायटी, परवा लग्नसराईचे कुर्ते. बांगलादेशाने पाचच गोष्टींत जीव ओतला: टी-शर्ट, ट्राउझर, शर्ट, स्वेटर, जॅकेट.

सुरुवात करताना एक वस्तू निवडा आणि तिचा खर्च किलोपर्यंत उतरवा. तिकडे भाव डझनावर बोलतात. १६० जीएसएमच्या (चौरस मीटरला १६० ग्रॅम भरणाऱ्या कापडाच्या) टी-शर्टचं गणित असं मांडतात: लांबी ७२ सेंमी, बाही २२, शिलाईची सूट १०, मिळून १०४. अर्धी छाती ५४ आणि सूट ४, मिळून ५८. १०४ गुणिले ५८ गुणिले २ (पुढचा आणि मागचा) गुणिले १६०, आणि आलेल्याला १ कोटीने भागा. एका नगाला ०.१९३ किलो, डझनाला २.३२ किलो. त्यावर १० टक्के घट धरली की २.५५ किलो. गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, वेगळी. घट १० ऐवजी १४ टक्के झाली तर १०,००० नगांच्या ऑर्डरीत ७७ किलो कापड जास्त लागतं. ही घट रंगाईत, कापड ठरल्यापेक्षा जड आल्याने, मार्कर (कापायच्या तुकड्यांची मांडणी) सैल ठेवल्याने आणि ताग्याच्या टोकांना जाते. रोज कटिंग टेबलाखालच्या चिंध्या वजन करून लिहा. आठवड्याभरात चोर सापडतो.

कापड आलं की लगेच कापू नका. निटेड कापड रोलमधून सोडून किमान १२ तास, लायक्रा असेल तर २४ तास मोकळं ठेवा. नाहीतर कापलेला तुकडा नंतर आकसतो आणि मीडियमचा स्मॉल होतो. धुऊन आकुंचन ५ टक्क्यांच्या वर गेलं तर कापड परत. दोष मोजायला फोर-पॉइंट पद्धत वापरा: ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. शंभर चौरस वारांत ४० च्या वर गुण गेले तर तो रोल नाकारा. दहा रोलांतला एक तरी तपासाच, आणि तो खराब निघाला तर सगळे.

चौथी पायरी: लाइन घड्याळावर चालवा

ढाका, गाझीपूर, आशुलियाच्या कारखान्यांत प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक फळा असतो. दर तासाला त्यावर लक्ष्य आणि निघालेले नग लिहिले जातात. सगळ्यांना दिसेल असा आकडा, बाकी जादू काही नाही.

टी-शर्टचा प्रमाणित वेळ, म्हणजे एसएमव्ही, ६ मिनिटं धरा. लाइनमध्ये मशिनवर आणि हाताखाली मिळून २० माणसं, पाळी ४८० मिनिटांची. शंभर टक्के कार्यक्षमतेला दिवसाला १,६०० नग. कुणाचेही एवढे निघत नाहीत. ४० टक्क्यांना ६४० निघतात, ६० टक्क्यांना ९६०. लाइनचा रोजचा सगळा खर्च समजा २३,००० रुपये. ६४० नगांना शिलाई पडते ३६ रुपये, ९६० नगांना २४. एका टी-शर्टमागे १२ रुपये. एवढा फरक मजुरी कापून कधीच निघत नाही. मजुरी कापली की माणसं जातात आणि कार्यक्षमता आणखी खाली येते.

९६० नग काढायचे तर दर ३० सेकंदांना एक नग बाहेर पडला पाहिजे. आता स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक कामाच्या दहा फेऱ्या मोजा. खांदा जोडणं, गळ्याला रिब लावणं, गळ्यावर टॉप शिलाई, बाही जोडणं, बाजू बंद करणं, बाहीची आणि खालची मोड. समजा रिब लावायला ३६ सेकंद लागतात आणि तिथे एकच बाई बसली आहे. मग बाकीच्या सगळ्यांनी जीव काढला तरी दिवसाला ८०० च्या वर नग निघणार नाहीत. तिला ओरडून उपयोग नाही. तिच्याकडे येणारी रिब आधीच गोल शिवून, चार खुणा करून द्या किंवा तिच्या कामाचा भाग शेजारच्या रिकाम्या हाताकडे वळवा. बाही जोडायला ५० सेकंद लागत असतील तर तिथे दोन ओव्हरलॉक मशिनं हवीतच. बंडल २० नगांचं ठेवा. ५० चं केलं की चूक कळेपर्यंत ५० नग बिघडलेले असतात.

नवी ऑर्डर लागली की पहिले दोन-तीन दिवस कार्यक्षमता निम्म्यावर येते. १,००० नगांच्या ऑर्डरीत ती वर चढायच्या आत ऑर्डरच संपते. बांगलादेशाचा आकडा पुढे जातो तो इथे. त्यांची लाइन तीच वस्तू तीन-तीन आठवडे शिवते. आपल्याकडे मोठी ऑर्डर एकट्याला झेपत नसेल तर चार कारखान्यांनी मिळून घ्यावी. कटिंग आणि पॅकिंग एका जागी, शिलाई चार ठिकाणी, पण कापड एकाच डाय लॉटचं, म्हणजे एकाच वेळी रंगवलेलं. लॉट मिसळले की दोन बाह्यांच्या रंगात फरक येतो आणि पेटीच्या पेटी परत फिरते.

सुई मोडली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत ते बंडल हलवायचं नाही. तुकडे वहीत टेपने चिकटवून तारीख, वेळ, मशीन क्रमांक लिहायचा. लहान मुलांच्या कपड्यांना मेटल डिटेक्टर लागतोच. शेवटची तपासणी साधारणपणे एक्यूएल (किती दोष चालतील याची ठरलेली मर्यादा) २.५ वर होते. ३,२०१ ते १०,००० नगांच्या लॉटमधून २०० नग काढतात. १० पर्यंत सदोष चालतात, अकरावा निघाला की लॉट नापास. खरेदीदाराचा माणूस यायच्या दोन दिवस आधी आपणच अशी तपासणी करा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

पाचवी पायरी: बायका कामावर येतील अशी सोय

रंगपूर, बरिशालच्या खेड्यांतल्या लाखो मुली ढाक्याच्या भोवती आल्या आणि कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर खोल्या घेऊन राहिल्या. धंदा त्यांच्या खांद्यावर उभा आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत सुमारे १,००० एकरांवर पीएम मित्र पार्क, म्हणजे केंद्राच्या योजनेतली कापड उद्योगाची वसाहत, होतंय. तिथे जागा, पाणी, वीज यांचा हिशेब होईल. बायकांच्या वसतिगृहाचा, पहाटेच्या एसटीचा, पाळणाघराचा आणि स्वच्छ संडासांचा हिशेब त्याच कागदावर आला पाहिजे. शंभर मशिनांच्या कारखान्यात रोज १५ बायका गैरहजर असतील तर वर सांगितलेलं घड्याळाचं गणित कोलमडतं. गैरहजेरीची कारणं लिहून ठेवा. बस चुकली, मूल आजारी, पगार लांबला, सुपरवायझर अंगावर ओरडला. शेवटची दोन कारणं पूर्णपणे मालकाच्या हातातली आहेत.

जे उचलायचं नाही

२४ नोव्हेंबर २०१२ ला आशुलियाच्या ताजरीन फॅशन्समध्ये आग लागली. तळमजल्यावर सूत आणि कापड रचलेलं होतं आणि जिने तिथेच उतरत होते. वरच्यांना कामावर बसायला सांगितलं गेलं, दारांना कुलपं होती. किमान ११२ माणसं गेली. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ ला, सावारचा राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी खांबांना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, वरच्या पाच कपडे कारखान्यांनी आपल्या माणसांना सकाळी परत बोलावलं. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. १,१३४ माणसं मेली. स्वस्त टी-शर्टच्या भावात यांचा हिशेब कुणीही धरला नव्हता.

त्यानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटनांचा बंधनकारक करार झाला. सुमारे १,६०० कारखान्यांची इमारत, वीज आणि आग अशी तिहेरी तपासणी झाली आणि अहवाल जाहीर झाले. आज तिथे लीड हे पर्यावरणस्नेही इमारतीचं प्रमाणपत्र मिळालेले २०० हून जास्त कारखाने आहेत. हे मात्र जरूर उचला, आणि माणसं मरायच्या आधी उचला.

आपल्याकडच्या बहुतेक शिलाई कारखान्यांची इमारत मूळची दुकानांसाठी, गोदामासाठी किंवा राहण्यासाठी बांधलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून मंजूर नकाशा आणि उभी इमारत ताडून बघा. स्लॅब किती वजन पेलतो ते विचारून तो आकडा मजल्याच्या भिंतीवर रंगवा. कापडाचे रोल भिंतीला टेकवून छतापर्यंत रचतात, तिथे वजन एका जागी येतं. ते तळमजल्यावर वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या भिंतीच्या खोलीत हलवा. जनरेटर आणि बॉयलर इमारतीबाहेर जमिनीवर. गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवण्याआधीही इंजिनिअरला विचारा. प्रत्येक मजल्याला दोन जिने, एकमेकांपासून लांब, आणि दोन्ही वाटांवर एकही पेटी नको.

जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट असेल तर ते काढून टाका. बांगलादेशाच्या तपासण्यांत सुरुवातीलाच हे कुलपाचे गेट काढायला लावले. चोरीची भीती असेल तर बाहेरच्या फाटकावर झडती घ्या, जिन्यावर कुलूप नको. त्या जागी बाहेरच्या दिशेला उघडणारं, आडवा दांडा ढकलला की सुटणारं अग्निरोधक दार बसवा. रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरने प्रत्येक दार हाताने ढकलून बघायचं आणि वहीत वेळ टाकून सही करायची, मगच लाइनची वीज सोडायची.